३१ मेला पोरांना इंदूर कसं दाखवायचं

मे संपत आला की आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दर वर्षी तोच प्रश्न येतो, गौरव दिवसाला काय करायचं, आणि दर वर्षी तेच उत्तर येतं, संध्याकाळी राजवाड्यावर लाइटिंग बघायला जाऊ. मग सगळे निघतात, गाडी कुठे लावायची म्हणून अर्धा तास भांडतात, गर्दीत एकाचं पोरगं हरवल्यासारखं होतं, सापडतं, कुल्फी खातात आणि परत येतात. लाइटिंग छान असतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण दुसऱ्या दिवशी पोराला विचारा, काल कशाचा गौरव होता, तर म्हणतं इंदूरचा बर्थडे होता ना.

इथूनच गडबड सुरू होते, कारण ३१ मे हा इंदूरचा वाढदिवस नाहीच. तो अहिल्याबाईंचा जन्मदिवस आहे, ३१ मे १७२५, चौंडी गावचा. मध्य प्रदेश सरकारने सगळ्या गावांना आपापला एक गौरव दिवस ठरवायला सांगितलं तेव्हा इंदूरने हा निवडला आणि २०२२ पासून तो साजरा होतो. निवड चांगलीच आहे. पण पोरांना गावाची गोष्ट सांगायची असेल तर स्टेजसमोर उभं राहून ती कळत नाही, चालून कळते. म्हणून गेली तीन वर्षं मी त्या दिवशी पहाटे बिल्डिंगमधली दहा-बारा पोरं आणि दोन-तीन आजी-आजोबा घेऊन जुन्या गावात फिरते, आणि आता बाकीच्या कॉलनीतले लोक विचारतात कसं करता म्हणून, तर एकदाचं लिहूनच टाकते.

पहिली गोष्ट वेळ. सहा म्हणजे सहा, पहिल्या ठिकाणी पाय ठेवलेला असला पाहिजे. पहिल्या वर्षी मी सुट्टी आहे, पोरं झोपू देत, म्हणून नऊ ठेवले होते आणि साडेदहाला एक मुलगी चक्कर येऊन एका दुकानाच्या ओट्यावर बसली. मे अखेरचा माळव्यातला उन्हाळा म्हणजे चाळीसच्या वरच, नऊनंतर दगडही तापतो. आता आम्ही सहाला सुरू करतो आणि साडेआठला पोहे खात असतो. प्रत्येकाकडे आपली पाण्याची बाटली, डोक्याला टोपी नाहीतर पंचा, आणि खिशात एक कांदा ठेवा असं आमच्या जोशीकाकू सांगतात, ते ठेवलं नाही तरी चालेल पण त्यांच्यासमोर नाही म्हणू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे पोरं दहा-बारापेक्षा जास्त नकोत. बावीस पोरांचा एक प्रयोग करून झालाय, त्यात मी इतिहास सांगितलाच नाही, फक्त मोजत होते.

आणि तिसरी, तुम्ही आदल्या दिवशी स्वतः नावं पाठ करा. होळकरांच्या घराण्यात सगळ्यांची नावं दोन-दोन तीन-तीनदा येतात आणि तिथेच सगळ्यांची दांडी उडते. माझी युक्ती सांगते. मल्हारराव दोन धरा, थोरले म्हणजे घराण्याचे मूळ पुरुष, अहिल्याबाईंचे सासरे, आणि धाकटे म्हणजे इंग्रजांशी तह झाला तेव्हा गादीवर असलेलं लहान पोर. यशवंतराव दोन, पहिले घोड्यावरचे, ज्यांनी १८०२ साली पुण्याजवळ हडपसरला शिंदे-पेशव्यांना हरवलं, आणि दुसरे मोटारीतले, माणिकबाग राजवाडावाले, ज्यांच्या नावाने आपलं एम. वाय. हॉस्पिटल आहे. तुकोजीराव तीन, पहिले अहिल्याबाईंचे सेनापती, दुसरे रेल्वेवाले, म्हणजे खंडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून ज्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, आणि तिसरे ज्यांनी १९२६ साली गादी सोडली. घोडावाले, मोटारवाले, रेल्वेवाले असं सांगितलं की पोरं विसरत नाहीत. मग रस्त्याने मल्हारगंज, तुकोगंज, यशवंत रोड अशा पाट्या दिसल्या की विचारायचं, हा कुठला? बरोबर सांगेल त्याला एक जिलबी जास्त.

आता रस्ता. सुरुवात राजवाड्यापासून करू नका, सगळे तिथेच करतात. सुरुवात जुनी इंदूरपासून करा, बडा रावळ्यापाशी. जमीनदारांचा वाडा आहे, आजही घराण्याची माणसं आहेत, तेव्हा आत जायचं असेल तर आधी विचारून परवानगी घ्या, नाहीतर बाहेरूनच बघा आणि पहाटे आरडाओरडा करू नका. इथे उभं राहून पोरांना सांगायचं की होळकर यायच्या आधी इथे राव नंदलाल मंडलोई नावाचे जमीनदार होते, आणि त्यांनी मोगल दरबाराकडून इथल्या व्यापाराला करमाफीची सनद मिळवली, तिची तारीख ३ मार्च १७१६ अशी सांगतात. करमाफी म्हणजे काय हे दहा वर्षांच्या पोराला कसं सांगायचं? मी असं सांगते की समजा उद्या आपल्या कॉलनीत माल विकायला कुठलाच टॅक्स नाही असं ठरलं तर शहरातले सगळे दुकानदार कुठे येतील? आपल्याकडे! झालं, तसंच झालं. नदीकाठच्या छोट्या वस्तीत व्यापारी आले, आणि इंदूर आजही मुळात व्यापाऱ्यांचंच गाव आहे, सराफा, सियागंज, कपडा मार्केट बघा. तर वाढदिवस म्हणायचाच असेल तर हा ३ मार्च म्हणा, असं जमीनदार घराण्याचं म्हणणं, आणि मलाही ते पटतं. यावरून आमच्याकडे एका आजोबांचं आणि माझं दर वर्षी भांडण होतं. त्यांचं म्हणणं गाव देवाने वसवलं. तेही पूर्ण खोटं नाही, ते पुढच्या ठिकाणी येतं.

इथून ई-रिक्षा करून पंढरीनाथ भागात या, चालत आणलंत तर छोटी पोरं इथेच दमतात आणि पुढे राजवाड्यासमोर बसकण मारतात. पंढरीनाथपाशी इंद्रेश्वर महादेवाचं जुनं मंदिर आहे, छोटंसं, लक्ष नसेल तर सरळ पुढे निघून जाल. गावाचं नाव यावरून. इंद्रेश्वराचं इंद्रपूर, त्याचं इंदूर, आणि मग इंग्रजी कागदांवरून आणि हिंदीतून इंदौर. आमचे आजोबा शेवटपर्यंत कोणी घरात इंदौर म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करायचे. इथे एक छोटा खेळ घ्या, प्रत्येक पोराला विचारा तुझ्या घरी काय म्हणतात, इंदूर की इंदौर, आणि कोण काय म्हणतं. आमच्या ग्रुपात आजी इंदूर, आई मराठीत इंदूर आणि फोनवर इंदौर, आणि पोरं सरसकट इंदौर भिया, असं निघालं. पाच मिनिटांचा खेळ आहे, पण तीनशे वर्षांत गावाची भाषा कशी सरकली ते घरातल्याच माणसांवरून कळतं.

देवळात शिरताना पोरांच्या चपलांवर एका मोठ्या माणसाला बसवा. सांगून ठेवते.

तिथून गोपाळ मंदिरावरून राजवाड्यावर. गोपाळ मंदिर कृष्णाबाई होळकरांनी १८३२ साली बांधलं, लाकडी खांबांचं भव्य काम आहे, पण मी इथे फार थांबत नाही कारण खरा वेळ राजवाड्याला लागतो. कृष्णाबाई हे नाव मात्र सांगून ठेवा, पुढे लागणार आहे.

राजवाडा. पहाटे आत जाता येत नाही, आत म्युझियमसारखं बघायचं असेल तर दुसऱ्या दिवशी तिकीट काढून या, सोमवार असेल तर आधी चौकशी करा. पण खरं सांगू, बाहेरून जे दिसतं त्यातच सगळं आहे, फक्त बघायचं कसं ते माहीत पाहिजे. चौकातल्या अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी उभे राहा, पाठ पुतळ्याकडे, तोंड दरवाज्याकडे. मजले मोजायला लावा. सात. आता विचारा, कुठल्या मजल्यापासून रंग बदलतो? खालचे तीन मजले दगडी आहेत, वरचे लाकडी. तो सांधा जिथे आहे ती रेघ पोरांना बोटाने हवेत ओढायला लावा. आमच्याकडे एक सात वर्षांचा मुलगा होता, तो म्हणाला, ताई म्हणजे खाली किल्ला आणि वर घर. मी इतकी वर्षं बोलतेय, मला हे वाक्य सुचलं नव्हतं. खाली किल्ला कारण बांधला तेव्हा, १७४७ च्या सुमारास, थोरल्या मल्हाररावांना माळव्यात पाय रोवून थोडीच वर्षं झाली होती, आणि वर घर कारण झरोके, गॅलऱ्या, लाकूडकाम सगळं मराठी वाड्याचं. दरवाजा जवळ जाऊन बघा, जाड लाकूड आणि त्यावर लोखंडी खिळे, पोरांना हात लावू द्या.

मग आगीची गोष्ट. हा वाडा तीनदा जळला. १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं तेव्हा, मग १९०८ मध्ये, आणि १९८४ च्या दंगलीत. शेवटच्या वेळचे साक्षीदार अजून आपल्यात आहेत आणि हा भाग तुम्ही सांगू नका, त्यांना सांगू द्या. आमच्याबरोबर येणाऱ्या एका मावशींना राजवाड्याच्या मागच्या बाजूचा धूर घराच्या गच्चीवरून दिसला होता. त्या दोनच मिनिटं बोलतात, पण बारा पोरं एकदम गप्प. मागची बाजू त्या आगीत गेली, समोरचा दरवाज्याचा भाग वाचला, मग बऱ्याच वर्षांनी मागचं परत उभं केलं. आत मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे, होळकरांचं कुळदैवत खंडोबा म्हणून.

इथे एक चूक टाळा, जी मी पहिल्या वर्षी केली. मी ऐटीत सांगितलं की राजवाडा अहिल्याबाईंनी बांधला. तिथेच एका आठवीतल्या मुलीने मला टोकलं की ताई, तुम्हीच आत्ता म्हणालात १७४७, तेव्हा तर मल्हारराव होते. लाज वाटली पण बरं झालं. त्यापुढची गोष्ट तर अजून अवघड आहे, ती म्हणजे अहिल्याबाईंची राजधानी इंदूर नव्हतीच. नवरा खंडेराव १७५४ ला कुंभेरच्या वेढ्यात गेला, सासरे १७६६ ला गेले, मुलगा मालेराव त्यानंतर वर्षभरात गेला, आणि मग ह्या बाईंनी राज्य चालवलं ते महेश्वरहून, नर्मदेच्या काठावरून, १७९५ ला जाईपर्यंत. काशीचं देऊळ परत बांधलं, कुठे कुठे घाट बांधले, धर्मशाळा बांधल्या, ते हुकूम सगळे महेश्वरहून सुटायचे. पोरं लगेच विचारतात, मग आपण त्यांचा दिवस इथे का करतो? प्रश्न येऊ द्या. उत्तर लगेच देऊ नका, छत्रीपर्यंत घोळत ठेवा.

कृष्णपुरा छत्री राजवाड्यावरून चालत पाच-सात मिनिटं. नदीकाठी आहेत, तीन छत्र्या म्हणजे गेलेल्यांची स्मारकं, कृष्णाबाई, तुकोजीराव दुसरे म्हणजे आपले रेल्वेवाले, आणि शिवाजीराव होळकर. नक्षी बघा, खांबांवरच्या सैनिकांच्या, वादकांच्या मूर्ती मोजायला लावा, तेवढ्यात तुम्हाला बसायला मिळतं. आणि इथे पायऱ्यांवर बसून ती अवघड गोष्ट सांगा. २१ डिसेंबर १८१७ ला क्षिप्रेच्या काठी महिदपूरला इंग्रजांशी लढाई झाली, होळकर हरले. गादीवर धाकटे मल्हारराव, वय असेल अकरा-बारा, म्हणजे इथे बसलेल्या अर्ध्या पोरांएवढं. ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला, बराच मुलूख गेला, इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे त्यांचा प्रतिनिधी, इंदूरात येऊन बसला, महूला छावणी पडली, आणि राजधानी इंदूरला आली. म्हणजे आपलं गाव राजधानी झालं ते लढाई हरल्यावर, आणि पोरांच्या मघाच्या प्रश्नाचं उत्तरही हेच, अहिल्याबाईंचं राज्यच पुढे इथे येऊन बसलं. हे स्टेजवर कोणी सांगत नाही, सांगायला बरं वाटत नाही, पण पोरांना हेच सगळ्यात जास्त लक्षात राहतं, मी दर वर्षी बघते. हरलेलं राज्य, लहान राजा, आणि त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्याच राज्याने कॉलेज काढलं, हॉस्पिटलं काढली, रेल्वे आणली, रणजी करंडक चार वेळा जिंकणारी क्रिकेटची टीम उभी केली. सी. के. नायडूंचं नाव घ्या, आजोबा लोक आपोआप पुढे सुरू करतील आणि मग त्यांना थांबवायला एक माणूस लागेल.

नदीबद्दल पोरं नाक दाबून बोलणारच. दाबू द्या, कारण आता गेडेसची गोष्ट सांगायची आहे. पॅट्रिक गेडेस नावाचा एक स्कॉटिश म्हातारा, दाढीवाला, त्याला होळकर दरबाराने शहराचा प्लॅन करायला बोलावलं होतं. गावात प्लेग, मलेरिया, घाण. नुसत्या नकाशाने लोक ऐकेनात. तेव्हा त्याने १९१७ च्या दिवाळीत एक मिरवणूक काढली. आधी जाहीर केलं की जो रस्ता सगळ्यात जास्त स्वच्छ आणि डागडुजी केलेला असेल तिथून मिरवणूक जाईल, मग काय, सगळे झाडू घेऊन बाहेर. मिरवणुकीत घाणीचा एक भलामोठा राक्षस, प्लेगचा एक भलामोठा उंदीर, लक्ष्मी, आणि सफाई करणारी माणसं स्वच्छ कपड्यांत, हार घालून, नवे झाडू घेऊन. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. त्याचा रिपोर्ट १९१८ ला छापून आला, दोन भागांत. आणि बरोबर शंभर वर्षांनी, २०१७ ला, इंदूर देशात स्वच्छतेत पहिलं आलं, आणि २०२३ पर्यंत दर वर्षी पहिलंच राहिलं. मला तर वाटतं आपल्या गावाचा पहिला खरा गौरव दिवस तोच, ज्यात सफाई कामगार हार घालून मिरवणुकीत चालले.

म्हणून आमच्याकडे आदल्या दिवशीचा कार्यक्रम ठरलेला आहे, उंदीर बनवणे. कार्टन, जुनी वर्तमानपत्रं, खळ, शेपटीला नायलॉनची दोरी नको, सुतळी घ्या. प्लास्टिक अजिबात नको कारण जाळायचा आहे. दोन फुटांपेक्षा मोठा करू नका, आमचा चार फुटांचा लिफ्टमध्ये बसला नव्हता. जाळायचा संध्याकाळी, बिल्डिंगच्या मोकळ्या जागेत, शेजारी दोन बादल्या पाणी, आणि जाळल्यावर राख पोरांनीच झाडून उचलायची. ही अट आहे. आणि त्या दिवशी आपल्याकडे कचऱ्याच्या गाडीवर येणाऱ्या माणसांना बोलावून हार घाला, चहा पाजा. तोंडदेखलं नको, नावं माहीत करून घ्या आधी. पहिल्या वर्षी आम्हाला नावंच माहीत नव्हती, सहा वर्षं रोज बघत होतो तरी.

बॅनर छापून घेणार असाल तर प्रूफ स्वतः वाचा. आम्हाला एकदा 'अहील्याबाई होलकर जंयती' असा सहा फुटी फ्लेक्स मिळाला होता, वर फोटो भलत्याच राणीचा. तेव्हापासून आम्ही हाताने लिहितो, चार्टपेपरवर, पोरांच्या अक्षरात.

पोहे. छत्रीवरून परत राजवाड्याकडे आलं की कुठल्याही गाडीवर थांबा, पण पोरांना आधी पातेलं दाखवा. आपले पोहे कढईत परतून ठेवलेले नसतात, खाली उकळतं पाणी आणि वर पोह्यांचं पातेलं, वाफेवर तासन्‌तास मऊ राहतात. वर शेव, कांदा, लिंबू, आणि जीरावण, म्हणजे वरून भुरभुरायची आपली ती पूड. पुण्याहून आलेल्या माझ्या मावसभावाने जीरावणाला मसाला म्हटलं होतं, त्याला अजून माफी नाही. जिलबी गरम मिळाली तरच. उसळ घालून हवे असतील तर घ्या पण पोरांना आधी तिखट किती ते विचारा. सराफा सकाळी सोन्याचा असतो, खायचा रात्री, तेव्हा सराफा-सराफा म्हणून हट्ट करणाऱ्यांना संध्याकाळचं वचन देऊन टाका.

संध्याकाळी लाइटिंगला जायचंच असेल तर गाडी घेऊन जाऊ नका, बरेच रस्ते बंद असतात. मेट्रोने जाऊ असं आता कोणीतरी म्हणतंच, मेट्रो २०२५ च्या ३१ मेलाच सुरू झाली हे खरं, पण ती सुपर कॉरिडॉरवर, राजवाड्याला नाही.

आता एक काम असं आहे जे ३१ मेच्या आधी पंधरा दिवस सुरू करावं लागतं. प्रत्येक घरातून एक जुनी वस्तू मागवा, जी होळकर स्टेटच्या काळातली असेल. लोक म्हणतात आमच्याकडे काही नाही. असतं. देवघराच्या डब्यात तांब्याचं नाणं असतं, एका बाजूला बसलेला नंदी, ते शिवाजीराव होळकरांच्या वेळचं. ट्रंकेत मोडी लिपीतले कागद असतात, जे घरात कोणालाच वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत जायच्या बेतात असतात. ते ओरिजिनल मागू नका, मोबाइलवर नीट उजेडात फोटो काढून घ्या, कागद घडीवर फाटतो म्हणून सारखा उघडू नका, आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका, कितीही प्रेम असलं तरी. मोडी वाचणारं कोणीतरी ओळखीत शोधा, मराठी मंडळांमध्ये विचारलं की निघतं. गेल्या वर्षी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातला असा एक कागद वाचून घेतला. सगळ्यांना वाटत होतं सनद असेल, जमीन-बिमीन निघेल, घरातले दोघे भाऊ तर आधीच जरा ताठ बसले होते. निघाली पणजोबांची किराणा उधारीची यादी. गूळ, तेल, सुतळी, आणि खाली बाकी किती ते. ती आता फ्रेम करून त्यांच्या हॉलमध्ये लावली आहे, आणि दोघे भाऊ आलेल्या प्रत्येकाला ती वाचून दाखवतात.